एस्पोझितोंचा मूळ पुरुष

टोरांटोजवळ वॉनमध्ये जेन्नारो एस्पोझितो यांच्या घराला दोन स्वयंपाकघरं आहेत. वरचं नुसतं बघायचं. पांढरी कपाटं, स्टोव्हवर तेलाचा ठिपका नाही, ओट्यावर काचेच्या बाऊलमध्ये लाकडाची फळं. खरा स्वयंपाक खाली बेसमेंटमध्ये. तिथे जुना स्टोव्ह, भलीमोठी पातेली, भिंतीला लागून टोमॅटोच्या रसाच्या बाटल्या, आणि या सगळ्यावर नजर ठेवून एका खुर्चीत बसलेले जेन्नारो. त्या भागातल्या बऱ्याच जुन्या इटालियन घरांत असंच असतं.

"अगं, आपल्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरासारखंच की!" पहिल्यांदा पाहिलं तेव्हा प्रभा म्हणाली होती.

"आई, प्लीज," अनुया कुजबुजली. "डोन्ट. तू त्यांना सोवळं एक्स्प्लेन करायला लागशील आणि मी मरेन."

अनुया म्हणजे प्रभाची एकुलती एक मुलगी. तिचं लग्न ठरलं होतं जेन्नारोंच्या नातवाशी, लुकाशी. लुका त्यांना नोन्नो म्हणायचा, म्हणजे आजोबा. त्याचं ऐकून अनुया म्हणू लागली आणि मग प्रभाही. स्वतः साठीला आलेली बाई दुसऱ्याला आजोबा म्हणते याचं नोन्नोंना हसू यायचं, पण त्यांनी कधी नको म्हटलं नाही.

प्रभा एटोबिकोला एका काँडोत राहायची आणि एका डेकेअरमध्ये लहान मुलं सांभाळायची. नवरा नंदू जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिचं इंग्रजी वयाच्या तिशीनंतर, बसमध्ये आणि दुकानात शिकलेलं. नोन्नोंचंही तसंच. ते अठराव्या वर्षी बोटीने हॅलिफॅक्सला उतरले, तिथून रेल्वेने टोरांटोला आले, आणि मग पन्नास वर्षं त्यांनी या शहराचे फूटपाथ आणि तळघरं काँक्रीटने भरली. त्यामुळे या दोघांचं एकमेकांशी फार छान जमायचं. दोघंही सोपे शब्द वापरायचे, क्रियापद चुकलं तरी कुणी कुणाला अडवायचं नाही. पोरं मध्ये येऊन दुरुस्त करायला लागली की नोन्नो हात हलवून त्यांना गप्प करायचे. "तू जा. आम्हाला समजतं."

त्यांचा मुलगा, म्हणजे लुकाचे वडील अंतोनियो, लुका लहान असतानाच हार्ट अटॅकने गेले. सून लोरेदाना हॉस्पिटलमध्ये नर्स, तिच्या शिफ्ट असायच्या. मग लुकाला शाळेत सोडणं, आणणं, जेवू घालणं, हॉकीला नेऊन थंडीत कुडकुडत बसणं, हे सगळं नोन्नोंनी केलं. परसात अंजिराचं एक झाड आहे. दर हिवाळ्याआधी ते त्याची अर्धी मुळं सोडवून झाड आडवं करतात, मातीत पुरून टाकतात आणि वसंतात पुन्हा उभं करतात. या थंडीत अंजीर जगत नाही म्हणून. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस दर वर्षी एक झाड झोपवतो आणि उठवतो, हे प्रभाने पाहिलं तेव्हा तिने मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला होता.

साखरपुडा सप्टेंबरात, नोन्नोंच्या घरीच झाला. त्यासाठी पुण्याहून प्रभाचे धाकटे दीर प्रताप आणि जाऊ छाया आले होते. लग्न ऑक्टोबरात, आणि नंदू नसल्यामुळे कन्यादान हे दोघं करणार होते. प्रतापराव बँकेतून निवृत्त झाल्यापासून एकच काम करत होते: आगवेकरांचा कुलवृत्तांत. अकरा पिढ्या त्यांनी शोधून काढल्या होत्या. कोण कुठून कुठे गेला, कुणाला किती मुलं, कुणी देवळाला घंटा दिली, सगळं. तो जाडजूड ग्रंथ ते विमानातून, स्वतःच्या मांडीवर ठेवून घेऊन आले होते. सूटकेसमध्ये त्याच्यासाठी जागा असूनही.

जेवण झाल्यावर त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि उठून उभे राहिले.

"आमचे मूळ पुरुष," ते इंग्रजीत म्हणाले, "कोकणातून घाटावर आले. तीनशे वर्षांपूर्वी. कुलदैवत व्याडेश्वर." मग त्यांनी पान उलटून मुलांना झाड दाखवलं. नावांच्या फांद्या, फांद्यांना फांद्या, आणि सगळ्यात खाली, जमिनीजवळ, एक नाव. लुकाने शिट्टी वाजवली. "वॉव. दॅट्स इन्सेन."

"आता तुमचं सांगा," प्रतापराव नोन्नोंकडे वळून म्हणाले. "पुढच्या आवृत्तीत अनुयाच्या नावापुढे घालायचं आहे. एस्पोझितोंचा मूळ पुरुष कोण? कुठला?"

खरं सांगायचं तर प्रभालाही हे जाणून घ्यायचं होतं. आपली मुलगी कुठल्या घरात जाते, त्या घराची पाळंमुळं कुठे, असं कुठल्या आईला वाटत नाही? प्रतापरावांनी विचारलं ते बरंच झालं असं तिच्या मनात आलं.

नोन्नो चाकूने पीच सोलत होते.

"नेपल्स," लुका म्हणाला. "वी आर फ्रॉम नेपल्स. त्यापलीकडे मला नाही माहीत, काका."

"अरे, मग बघू या की. आजकाल सगळं मिळतं." प्रतापरावांनी फोन काढला. छायाने त्यांच्या शर्टाची बाही ओढली, पण ते कुलवृत्तांताच्या रंगात होते, त्यांना कळलंच नाही. "एस्पोझितो. हं. नेपल्समधलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव. वा! म्हणजे मोठं घराणं. सबंध इटलीतसुद्धा पहिल्या काहींत. अर्थ..." आणि इथे त्यांनी वाचता वाचता थांबायला हवं होतं. पण ज्याला आयुष्यभर समोरचा कागद मोठ्याने वाचायची सवय, त्याचं तोंड डोळ्यांच्या मागोमाग जातंच. "अर्थ, बाहेर ठेवलेला. टाकून दिलेलं मूल. अनाथाश्रमाच्या दारात फेकलेल्या मुलांना हे नाव..."

तिथे ते थांबले.

नोन्नोंनी अर्धवट सोललेला पीच बशीत ठेवला. हात नॅपकिनला पुसले, एकेक बोट करून. मग उठले आणि जिन्याने खाली निघून गेले. जिन्याचा दिवा लावल्याचा आवाज आला, मग काहीच नाही.

"अहो, काय हे!" छाया मराठीत म्हणाली.

"मी काय माझ्या पदरचं बोललो? लिहिलंय ते वाचलं."

"लिहिलेलं सगळं वाचायचं असतं होय? उद्या औषधाच्या बाटलीवरचं 'पोटात घेऊ नये' वाचत बसाल पाहुण्यांसमोर."

लुका जिन्याकडे बघत होता. "हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही," तो म्हणाला. "नेव्हर. नॉट वन्स."

दोन दिवसांनी अनुयाचा फोन आला. आवाजावरून रडून झालेलं कळत होतं. "आई, नोन्नो म्हणाले ते चर्चमध्ये येतील, नंतरच्या ब्लेसिंगला. हॉलमध्ये नाही. आपल्या सेरेमनीला नाही."

"का म्हणाले?"

"म्हणाले, तिथे नावं विचारतात. लुका म्हणतो इट्स फाइन, पण इट्स नॉट फाइन. ही रेझ्ड हिम, आई. ते नसतील तर मुंडावळ्या बांधून तो एकटा कुणासमोर उभा राहणार? आणि प्रतापकाकांना सांग, मी त्यांच्याशी बोलत नाहीये."

प्रभाने फोन ठेवला आणि देवासमोर बसली. काही मागितलं नाही. मागायचं काय, हेच कळत नव्हतं. मग तिने यशोधनला फोन लावला.

यशोधन म्हणजे त्यांचे गुरुजी. आठवडाभर एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम, शनिवार-रविवार सत्यनारायण, वास्तुशांत आणि लग्नं. वय जेमतेम पस्तीस, पण उच्चार असे स्वच्छ की डोळे मिटून ऐकावेत.

"मावशी, बरं झालं तुम्हीच फोन केलात. नवऱ्यामुलाच्या तीन पिढ्या पाठवा. वडील, आजोबा, पणजोबा. आणि गोत्र मी काश्यप घेतो."

"काश्यप कसं रे? त्यांचं काय ते कुणाला माहीत?"

"माहीत नाही म्हणूनच तर. ज्याचं गोत्र ठाऊक नाही त्याचं काश्यप. ही सोय आजची नाही, पूर्वीपासूनची. कश्यप ऋषी सगळ्या प्राणिमात्रांचे बाप. कुणीच बापाविना राहत नाही, मावशी."

लहानपणापासून लग्नात, मुंजीत प्रभा हे गोत्र ऐकत आली होती. इतकं मोठं दार आपल्याच घरात उघडं आहे हे तिला ठाऊकच नव्हतं.

"आणि मूळ पुरुष?"

"तो कोण मागतो? विधीला तीन पिढ्या पुरतात. बाकीची हौस." पलीकडे कीबोर्डची टकटक चालू होती. "पण मावशी, पहिली पत्रिका कुलदैवताला ठेवलीत ना?"

"आमची ठेवली. भावजींनी निघण्याआधी गुहागरला जाऊन ठेवली."

"मग झालं. मुलाकडची मुलाकडचे बघतील."

मुलाकडचे! मुलाकडच्यांना कोण सांगणार की पहिली पत्रिका माणसाला द्यायची नसते म्हणून? त्या शनिवारी प्रभाने एक पत्रिका घेतली. हळदकुंकू, अक्षता, खण, तांदूळ आणि नारळ एका पिशवीत घातला. हे सगळं नक्की कुणासाठी, ते तिचं तिलाही ठरवता आलं नव्हतं. छायाला म्हणाली, ग्रोसरीला जाऊन येते. दोन बस बदलून ती वॉनला पोचली.

नोन्नो बेसमेंटमध्येच होते. तिला पाहून उठले, खुर्ची पुढे केली, कॉफी ठेवली. साखरपुड्याचा विषय त्यांनी काढला नाही. तिनेच काढला.

"माझ्या दिरांचं चुकलं, नोन्नो. मला माफी मागायची आहे."

"तुझा दीर चांगला माणूस आहे, सिन्योरा. मोठ्याने वाचतो एवढंच." त्यांनी कॉफी ओतली. "सगळं खरं वाचलं त्याने. एक शब्द सोडून."

"कुठला?"

"फेकलेला." त्यांनी मान हलवली. "फेकलेला नाही."

मग ते सांगू लागले, आणि प्रभाची कॉफी तशीच राहिली.

नेपल्समध्ये मेरीमातेच्या नावाचं एक जुनं मोठं चर्च आहे आणि त्याला लागून अनाथ मुलांचं घर. त्या घराच्या भिंतीत एक भोक होतं. भोकाच्या आत लाकडी पिंप, उभं, गोल फिरणारं. ज्या बाईला मूल सांभाळणं शक्य नाही, अगदी शक्यच नाही, ती तिथे यायची. कुणी उपाशी असायची, कुणी कुमारिका, कुणाच्या घरी आधीच आठ तोंडं. ती मूल त्या पिंपात ठेवायची आणि घंटा वाजवायची. आत एक नन कायम जागी असायची. ती पिंप फिरवायची. बाहेर आई, आत मूल, मध्ये भिंत. आतली बाहेरचीला बघू शकत नसे, बाहेरची आतलीला.

"तो आवाज यायचा," नोन्नोंनी हाताने हवेत गोल काढला. "लाकडाचा. कर्रर्र. म्हणजे कुणीतरी घेतलं. तोवर ती बाई तिथून हलायची नाही. माझी आजी सांगायची. फेकायचं असतं तर समुद्र तिथून लांब नव्हता, सिन्योरा. जी फेकते ती घंटा वाजवत नाही."

डेकेअरमध्ये रोज सकाळी आया मूल प्रभाच्या हातात देतात, आणि दार लागल्यावरही काही जणी काचेबाहेर उभ्या राहतात. रडणं थांबेपर्यंत. ती रोज बघते ते.

आत मुलाला न्हाऊ घालायचे. गळ्यात शिशाचं एक पदक बांधायचे, त्यावर मेरीमाता. आणि वहीत नाव लिहायचे. पहिलं नाव त्या दिवशीच्या संताचं वगैरे. आडनाव सगळ्यांना एकच. एस्पोझितो. बाहेर ठेवलेला. काही आया मुलाच्या दुपट्यात अर्धं नाणं किंवा पत्त्याचा फाडलेला तुकडा ठेवून जात. उरलेला अर्धा स्वतःजवळ, कधी दिवस पालटलेच तर ओळख पटावी म्हणून. काही जणी खरंच परत आल्या. बहुतेक नाही.

"पुढे एका राजाने हुकूम काढला. हे नाव आता द्यायचं नाही, मुलांना डाग लागतो. मग प्रत्येकाला वेगळं नाव देऊ लागले. पण तोवर उशीर झाला होता. एस्पोझितो शहरभर झाले होते. मोठे झाले, लग्नं केली, मुलं झाली, मुलांना मुलं. आज नेपल्सच्या बाजारात जाऊन हाक मार. एस्पोझितो! अर्धा बाजार मागे वळेल." ते हसले. "आणि एकाचं रक्त दुसऱ्याशी जुळणार नाही."

प्रभा ते डोळ्यांपुढे आणत राहिली. एक शहर. त्यातली एवढी माणसं, डॉक्टर, कोळी, शिंपी, वकील, आणि प्रत्येकाच्या मुळाशी एक तान्हं बाळ, ज्याचं या जगात त्या घटकेला कुणीही नव्हतं. आणि तरी जगलं. ज्याचं नाव नाही म्हणून जे नाव दिलं, तेच पुढे सगळ्यात मोठं झालं. देवाची करणी म्हणायची ती हीच का? ती हात जोडायला गेली आणि कुणाला जोडायचे ते न कळून हात मांडीवर ठेवून बसली.

"तुम्ही हे लुकाला का नाही सांगितलंत?"

नोन्नोंनी आपल्या कपात आणखी कॉफी ओतून घेतली.

"माझी बायको, फिलोमेना, कालाब्रियाची. इथे टोरांटोत भेटली. तिच्या बापाने मला विचारलं, तुमचं घराणं कुठलं? मी गर्वाने सांगितलं, आजीने सांगितलं होतं तसं. तो लग्नाला आला नाही. चर्चमध्ये पहिल्या बाकावर एक जागा रिकामी होती. फिलोमेना लग्नभर तिकडे बघत होती. माझ्याकडे नाही." त्यांनी कप बशीत फिरवला. "मग मी ठरवलं, पोरांना नुसतं नेपल्स सांगायचं. आणि आता परत तेच. उद्या हॉलमध्ये तुझी माणसं बसतील, नावं विचारतील, कुजबुजतील. कुणीतरी घरी राहणारच असेल तर या वेळी मी राहतो. लुकाच्या बायकोने रिकामी खुर्ची बघावी ती तिच्या माणसाची नको."

"पण लुका बघेल ना!"

प्रभा मुळात वाद घालणाऱ्यांतली नव्हतीच. तिने पिशवीतून पत्रिका काढून टेबलावर ठेवली. "नोन्नो, आमच्याकडे लग्नाचं पहिलं बोलावणं माणसाला नसतं. घराच्या देवाला असतं. तुमच्या घराचा देव कोण?"

त्यांना आधी कळेना. तिने पुन्हा सांगितलं, सोप्या शब्दांत. तुमच्या आधीच्यांचा, त्यांच्या आधीच्यांचा, सगळ्यांचा जो आहे तो.

"ला मादोन्ना," ते लगेच म्हणाले. जसं काही हा प्रश्नच नव्हता. "आम्हाला नेपल्समध्ये अनाथ म्हणायचे नाहीत. मादोन्नाची मुलं म्हणायचे. बाप माहीत नाही, आई माहीत नाही, मग तिची."

"ती कुठे आहे?"

ते तिला वर घेऊन गेले, पुढच्या दारातून बाहेर. अंगणात गुलाबांच्या मध्ये दगडी कोनाडा आणि त्यात हातभर उंचीची मेरीमाता, निळ्या वस्त्रातली. प्रभा या घरी येताजाता तिच्यावरून किती वेळा गेली होती! बागेतली शोभेची मूर्ती समजून.

तिने चपला काढल्या. पत्रिकेला हळदकुंकू लावलं, मूर्तीच्या पायाशी ठेवली, अक्षता वाहिल्या. मग पिशवीत हात घातला तो खणावर पडला, आणि तिचा हात तिथेच थांबला. ओटी सवाष्णीने भरायची. नंदू गेल्यापासून तिने कुठल्याही देवीची भरली नव्हती. कुणी मना केलं नव्हतं, तिचाच हात पुढे जात नव्हता. छायाला आणायला हवं होतं.

"काय झालं?"

तिने सांगितलं. संकोचत, तुटक. नवरा नसलेल्या बाईने हे करत नाहीत.

नोन्नोंना ते ऐकून नवलच वाटलं. "माझी आजी विधवा होती. चाळीस वर्षं काळे कपडे. आमच्या गल्लीतली मादोन्ना मिरवणुकीला निघायची तेव्हा तिला कपडे घालायचा मान आजीचा. दुसरी कोण घालणार? जिचं गेलंय तिला समजतं ना, मादोन्नाला काय हवं ते."

प्रभाने डोळे पुसले. खण उलगडला, त्यावर तांदूळ, नारळ ठेवला, आणि भरली ओटी. दोन्ही हातांनी, मूर्तीच्या ओंजळीपाशी धरून. समोरच्या घरातून कुत्रं फिरवायला निघालेली बाई थबकून बघत राहिली. नोन्नोंनी टोपी काढून छातीशी धरली होती.

"आमच्याकडच्या या लेकीला सांभाळ," प्रभा मराठीत म्हणाली. मेरीमातेला समजलं असणार.

निघताना तिने विचारलं, "याल ना?"

"बघू," नोन्नो म्हणाले.

घरी येऊन तिने प्रतापरावांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"पण वहिनी, मग मूळ पुरुष... तो रकाना कसा भरायचा? ही तर बाई झाली. आणि तिचं नावही नाही."

"नाही तर नाही. आपल्या अकरा पिढ्यांत एका तरी बाईचं माहेरचं नाव लिहिलंयत का?"

छाया स्वयंपाकघरातून फस्सकन हसली. प्रतापरावांनी ग्रंथ उचलला आणि आतल्या खोलीत गेले. दार लावून घेतलं. रात्री जेवायला आले तेव्हा भात घेताना म्हणाले, "घंटा वाजवायची म्हणे. आतून लाकूड फिरेपर्यंत थांबायची." आणि भात कालवत बसले.

लग्नाच्या सकाळी हॉलच्या दाराशी मुलीकडचे उभे होते. सीमांतपूजनाची तयारी, ओवाळायचं ताट, गुलाबपाण्याचा शिंपड. व्याहीभेटीसाठी प्रतापराव फेटा बांधून सगळ्यांच्या पुढे. मुलाकडचे कुणीच आले नव्हते. यशोधन गुरुजी घड्याळ बघत होते. हॉलच्या मॅनेजरने येऊन दोनदा विचारलं, सुरुवात करायची का. आतल्या खोलीत अनुया नऊवारी नेसून बसली होती आणि दर मिनिटाला कुणाला तरी बाहेर पाठवत होती.

मग एक गाडी वळली. तिच्यामागे आणखी एक. आणखी. पार्किंग भरत चाललं.

पहिल्या गाडीतून लुका उतरला, मग लोरेदाना. मग मागचं दार उघडलं आणि काळ्या सुटातले नोन्नो काठी टेकत उतरले. प्रभाने श्वास सोडला. पण बाकीच्या गाड्यांतूनही माणसं उतरतच होती. म्हातारे, म्हाताऱ्या, मधल्या वयाचे, कडेवर पोरं घेतलेल्या तरुण बायका, एक व्हीलचेअर. सगळे नटूनथटून, सगळे नोन्नोंच्या मागे.

"माय गॉड," लुका हसत अनुयाच्या मैत्रिणीला म्हणाला, "ही कॉल्ड द होल पॅरिश."

प्रतापराव पुढे झाले. त्यांनी हात जोडले आणि तसेच वाकून नोन्नोंच्या पायाला हात लावला. नोन्नो गडबडले, त्यांनी त्यांना दंडाला धरून उठवलं आणि दोन्ही गालांना गाल लावले. फेटा तिरका झाला.

"हे सगळे तुमचे नातलग?" प्रतापरावांनी विचारलं.

"एकही नाही. हा दातांचा डॉक्टर, एस्पोझितो. हा प्लंबर, एस्पोझितो. ही सिन्योरा बेकरीवाली, एस्पोझितो. तो माझ्याबरोबर काँक्रीट ओतायचा, एस्पोझितो. तू माझं घराणं विचारलं होतंस." नोन्नोंनी काठीने मागे दाखवलं. "एकाच दाराने आलो, बस."

पहिली गळाभेट बघून बाकीच्यांना वाटलं, इथली रीतच अशी. ते रांगेत उभे राहिले. मग प्रतापरावांनी एकेकाला मिठी मारली. म्हाताऱ्यांना, प्लंबरला, व्हीलचेअरमधल्या आजींना वाकून. छाया ताट घेऊन ओवाळता ओवाळता दमली, निरांजनात दोनदा तूप घालावं लागलं. प्रभा बाजूला उभी राहून बघत होती. तिला वाटलं, आपण दारात उभे आहोत आणि आत येणारं कुणी संपतच नाहीये.

कन्यादानाला बसायची वेळ झाली. एस्पोझितो मंडळी हॉलच्या उजव्या बाजूला, रांगांमागून रांगा, कार्यक्रमाची पत्रिका उलटीसुलटी बघत. नोन्नो सगळ्यात पुढे. लुकासमोर अनुया, प्रतापराव आणि छायाच्या हातात पाण्याची झारी. गुरुजींनी संकल्प सुरू केला. आधी मुलीकडची नावं झाली, गोत्रासकट. मग त्यांनी मुलाकडची घेतली, नोन्नोंच्या वडिलांपासून.

"काश्यप-गोत्रोत्पन्नाय," यशोधनचा आवाज स्वच्छ, सावकाश, "चिरो-एस्पोझितो-प्रपौत्राय..."

एवढ्या अनोळखी शब्दांच्या ओघात त्या मंडळींना आपलं नाव ऐकू आलं. दातांचा डॉक्टर उठून उभा राहिला. चर्चमध्ये नाव पुकारल्यावर राहतात तसा. त्याला बघून बेकरीवाली उठली. मग तिच्या मागची रांग, मग त्यांच्या मागची. पोरं कडेवर घेऊन, काठ्या टेकत, उजवी बाजू सगळी उभी राहिली.

डावीकडच्या आगवेकरांना काय करावं कळेना. मग कुणीतरी उठलं, आणि तेही सगळे उठले.

नोन्नो बसूनच होते. त्यांनी मागे वळून बघितलं. मग काठीवर भार देऊन उठले, आणि लुका मुंडावळ्यांमधून त्यांच्याकडे बघत राहिला, मागे उभ्या असलेल्या पोरांनी त्याला कोपराने ढोसेपर्यंत.

गुरुजी थांबले होते. असं उभं राहायचं कुठल्याच पोथीत नव्हतं. त्यांनी प्रभाकडे पाहिलं. प्रभाने मान हलवली.

"जेन्नारो-एस्पोझितो-पौत्राय," ते म्हणाले. या वेळी थोडं अधिक मोठ्याने.